माझं वर्ष 'गॅप' नव्हतं, मॅडम

आदरणीय प्राचार्य मॅडम आणि संस्थेचे सगळे विश्वस्त,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर लिहितेय. आधी लिहिलं असतं तर आई म्हणाली असती, प्रोजेक्टचे मार्क कॉलेजच्या हातात आहेत, गप्प बस. आता माझी फक्त एलसी तुमच्याकडे राहिलीय, तेवढी रिस्क मी घेते. आणि असं सगळ्यांसमोर का लिहितेय, तर अकरावीचं एक वर्ष मी विद्यार्थी एक्स्चेंजमधून जर्मनीच्या शाळेत शिकून आले, त्या वर्षाबद्दल याआधी तीन अर्ज देऊन झालेत. तिन्हींवर ऑफिसचा आवक शिक्का आहे, पोच माझ्या फाईलला लावलेली आहे, उत्तर मात्र एकाचंही आलं नाही.

मी कदाचित तरीही गप्प बसले असते, खरं सांगते. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण गेल्या आठवड्यात हॉल तिकिटावरचा सही-शिक्का राहिला होता म्हणून ऑफिसात आले आणि बोर्डावर नवीन नोटीस बघितली. परदेशी एक्स्चेंजला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी जाण्यापूर्वी टीसी काढून घ्यावी, परत आल्यावर प्रवेशाची हमी राहणार नाही. तीन ओळी आणि खाली सही. त्या नोटिशीसमोर अकरावीची एक मुलगी तिच्या बाबांना घेऊन उभी होती. तिचं फ्रान्सला सिलेक्शन झालंय. बाबा मला विचारत होते, तू गेली होतीस ना गं, मग आम्ही काय करावं? मला काहीच बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते, कारण तुमच्या काळात मी 'ती जर्मनीवाली' एवढीच आहे. माझे बाबा चाकणला एका कारखान्यात मशीन ऑपरेटर आहेत. शाळेत आठवीपासून जर्मन होतं, पुण्यात ते काही विशेष नाही, निम्मी शाळा मार्क पडतात म्हणून घेते, मीही त्यासाठीच घेतलं होतं. मग दहावीत एक्स्चेंजच्या मुलाखती झाल्या, अर्धी स्कॉलरशिप मिळाली, उरलेल्या अर्ध्यासाठी बाबांनी पीएफमधून पैसे उचलले. हे मुद्दाम लिहितेय. कारण आपल्याच एका विश्वस्तांनी माझ्या बाबांसमोर 'हे पैसेवाल्यांच्या पोरांचे चोचले' असं म्हटलं होतं आणि बाबा तेव्हा फक्त हसले होते. घरी येताना बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत.

२ जून २०२३ ला दहावीचा निकाल लागला, जुलैत तुमच्याकडे अकरावी कला शाखेला प्रवेश घेतला, पूर्ण फी भरली, तीनेक आठवडे वर्गात बसले आणि ऑगस्टच्या शेवटी गेले. तेव्हाच्या प्राचार्य सरांना भेटून, सांगून गेले. ते म्हणाले होते, जा बेटा, कॉलेजचं नाव काढ. लेखी काही घेतलं नाही ही आमची चूक, मान्य आहे. सोळा वर्षांच्या मुलीला कुठे माहीत असतं की आशीर्वाद पण लेखी घ्यावा लागतो.

मी गटिंगनला होते. मध्य जर्मनीतलं विद्यापीठाचं गाव आहे, सायकलींनी भरलेलं. तुम्ही इतिहासाच्या आहात म्हणून सांगते, आपल्या रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये ज्या विद्यापीठानं सन्मानाची पीएच.डी. दिली ते हेच. मला हे तिथे गेल्यावर कळलं, आणि तेही एका जर्मन आजोबांकडून. आम्ही आयुष्यभर भांडारकर रोडवरून नुसते रिक्षाने गेलो.

माझं होस्ट कुटुंब म्हणजे आई हॉस्पिटलमध्ये नर्स आणि बाबा शहराची बस चालवणारे. तिथे अशा कुटुंबांना मुलं ठेवायचे पैसे मिळत नाहीत बरं का, लोक आपणहून ठेवतात. पहिले दोन महिने मजेत गेले. नोव्हेंबरमध्ये मात्र मी रोज रात्री रडायचे, हे पण लिहायला हवं नाहीतर ट्रॅव्हल कंपनीची जाहिरात वाटायची. साडेचार वाजता अंधार, संध्याकाळचं जेवण म्हणजे थंड ब्रेड, चीज आणि काकडी. डिसेंबरमध्ये सूर्य साडेआठच्या आसपास उगवायचा आणि आमची शाळा पावणेआठची, म्हणजे सायकलचा दिवा लावून रात्रीच शाळेत गेल्यासारखं. त्यात होस्ट आई बाहेर उणे पाच असताना सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायची, पाच मिनिटं, हवा बदलायला. त्याला त्यांच्याकडे खास शब्द आहे, श्टोसल्युफ्टन, आणि तो इतक्या गंभीरपणे पाळतात की आपल्याकडे एकादशी पण कोणी तशी पाळत नाही. मी गोधडी गुंडाळून सोफ्यावर बसायचे आणि त्या म्हणायच्या, बघ, आता कसं डोकं मोकळं झालं. माझं डोकं गोठलेलं असायचं.

पण मला बोलायचंय ते शाळेबद्दल, कारण तुमच्या रेकॉर्डला मी त्या वर्षी शाळेतच नव्हते.

तिथल्या गिम्नाझियुममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या आधीच्या शाळेत, मला अकरावीत बसवलं. नव्वद-नव्वद मिनिटांचे तास. वर्गात हात वर करून बोललात, प्रश्न विचारलात, दुसऱ्याचा मुद्दा खोडलात की त्याचे मार्क, आणि ते लेखी परीक्षेइतके, काही विषयांत जास्तच. मी पहिले दोन महिने तोंड उघडलं नाही. भाषा येत नव्हती असं नाही, आपण बोललो तर बाई काय म्हणतील याची आपल्याला जी सवय असते ना, ती.

आणि एक गंमत. तिथे अकरावीपासून वरच्या वर्गांत शिक्षक मुलांना अहो-जाहो करतात. त्यांच्यात 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. बरेच जण मुलांना विचारून 'डू'च चालू ठेवतात, पण आमच्या इतिहासाच्या बाई 'झी'वर ठाम होत्या. साठीच्या बाई, आणि मला म्हणायच्या, तुम्ही आज गृहपाठ केलात का? पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं की कोणाला विचारतायत.

त्याच बाईंचा पहिला पेपर. एक पानभर उतारा दिलेला, पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला एका तरुण सैनिकानं आघाडीवरून आईला लिहिलेलं पत्र. इथे सगळं छान आहे, जेवण मिळतं, काळजी करू नको, नाताळपर्यंत घरी येतो. मी आपली दहावीच्या सवयीनं पहिल्या महायुद्धाची कारणं लिहिली. लष्करवाद, गुप्त तह, वसाहतींची स्पर्धा, तात्कालिक कारण सारायेव्हो, म्हणजे तिथली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या. मुद्दे, उपमुद्दे, खाली पट्टीनं रेघा पण मारल्या. पाच मिळाले. तिथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे शेवटचं, तर पाच म्हणजे नापास. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: हे सगळं बरोबर आहे, पण पत्र कुठे आहे? तुम्हाला काय वाटतं, हा मुलगा आईला खरं सांगतोय का?

मॅडम, मी तो कागद अजून जपून ठेवलाय. दहा वर्षं शाळेत गेले, पण 'तुम्हाला काय वाटतं' हे माझ्या पेपरवर कोणी लिहिलं नव्हतं. त्यानंतर मी ते पत्र चार-पाच वेळा वाचलं असेल. नाताळचा उल्लेख तीनदा आहे, जखमी झालेल्या मित्राचा एकदाच आणि तोही मध्येच येऊन लगेच बदललेला. एवढं सरळ लिहिलेलं होतं आणि मी सारायेव्हो लिहीत बसले होते. पुढच्या पेपरला तीन मिळाले. आमच्या घरी तीन म्हणजे किती टक्के हे समजावता समजावता नाकी नऊ आले.

दुसरा प्रसंग मे २०२४ चा. आपल्याकडे लोकसभा चालू होती, १९ एप्रिल ते १ जून, सात टप्पे. तिकडे ९ जूनला युरोपीय संसदेची निवडणूक होती आणि त्या वेळी जर्मनीत त्या निवडणुकीसाठी पहिल्यांदाच सोळाव्या वर्षी मत देता येणार होतं. म्हणजे माझ्या बाकावरच्या मुलीला मत होतं! तिच्या घरी पोस्टानं कार्ड आलं होतं, तुमचं केंद्र अमुक शाळेत. वर्गात नुसती भांडणं चालायची, जानेवारीत तिथे अतिउजव्यांच्या विरोधात गावोगाव मोर्चे निघाले होते, माझे निम्मे वर्गमित्र त्यांना जाऊन आले होते. तर राजकारण-अर्थशास्त्राच्या सरांनी मला सांगितलं, भारताची निवडणूक कशी होते यावर तुम्ही तास घ्या. जर्मनमध्ये, पंचेचाळीस मिनिटं.

१३ मेला पुण्यात मतदान झालं आणि बाबांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मी तो पहिलीच स्लाईड म्हणून लावला. लगेच हात वर. शाई कशाला? मी म्हटलं, कोणी दुसऱ्यांदा मत देऊ नये म्हणून. मग पुढचा प्रश्न, पण प्रत्येक माणसाची नोंद तर ठरलेल्या केंद्रावरच असते ना, यादीत खूण करतात ना, मग? इथे मी अडकले. मला 'शाई म्हैसूरला बनते' हे पाठ होतं, ती अजून का लागते हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रात्री आत्याला फोन केला, ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, इलेक्शन ड्युटी तिला चुकत नाही. तिनं एक तास सगळं सांगितलं, याद्यांमधली दुबार नावं, गाव सोडून शहरात गेलेली माणसं, नदी ओलांडून मशीन नेणं, मॉक पोल, सील, केंद्रावर फॅन नसणं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला अजून वीस मिनिटं दिली. कला शाखेची, राज्यशास्त्र घेतलेली मुलगी मी. यापेक्षा जास्त राज्यशास्त्र मी अकरावीच्या वर्गात बसून शिकले असते का? तुम्हीच सांगा. खरंच विचारतेय, टोमणा नाही.

जुलै २०२४ मध्ये परत आले. आता तक्रारी. रागाच्या भरात लिहीत नाहीये, दोन वर्षं झालीत, राग निवलाय.

आल्यावर ऑफिसात गेले तर मस्टरवर माझं नाव लाल रेघ मारून कापलेलं. शेरा 'गैरहजर'. ठीक आहे, क्लार्क काकांना काय माहीत, त्यांना दोष नाही. पण त्याच दिवशी गेटवर प्रवेशाचा फ्लेक्स होता आणि त्याच्यावर उजवीकडे खाली माझा फोटो! आमची विद्यार्थिनी जर्मनीत, जागतिक संधी, आजच प्रवेश घ्या. तो फोटो मी तेव्हाच्या प्राचार्य सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, बर्फात टोपी घातलेला. म्हणजे बाहेर मी जर्मनीत आणि आत मी गैरहजर. या दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा ना.

मग मला सांगितलं, नवीन प्रवेश घ्या, पूर्ण फी भरा आणि गॅपचं अॅफिडेव्हिट आणा. सेतूत दोन चकरा झाल्या. टाईप करणाऱ्या माणसानं विचारलं, कारण काय लिहू, आजारपण की घरगुती? त्याच्या फॉर्मॅटमध्ये दोनच होती. मी म्हटलं शिक्षण. तो म्हणाला ताई, शिक्षणासाठी शिक्षणात गॅप कसा असेल? बघा, त्याला कळलं.

माझं जर्मन शाळेचं गुणपत्रक, म्हणजे त्सॉयग्निस, मी अधिकृत भाषांतर करून आणलं होतं, पैसे मोजून. विषय, तास, शेरे सगळं त्यात होतं. ती फाईल कोणी उघडली नाही. 'हे जर्मन कोण वाचणार' असं म्हणून परत दिली, वरचंच पान इंग्रजीत होतं. मी विचारलं की निदान अकरावीची परीक्षा तरी घ्या, सगळ्या विषयांची, पास झाले तर बारावीत बसवा नाहीतर नका बसवू. उत्तर मिळालं, बोर्डाचा नियम नाही. पण मॅडम, अकरावीची परीक्षा बोर्ड घेत नाही. पेपर तुम्ही काढता, तुम्ही तपासता, निकाल तुम्ही लावता. बोर्डाला विचारून तरी बघायचं होतं, एक पत्र टाकून. तेही टाकलं नाही. माझ्या पहिल्या अर्जात मी हेच मागितलं होतं.

हे पण सांगते की मला सरसकट सूट नकोय. सायन्सच्या मुलानं वर्षभर जाऊन येऊन थेट बारावीचं फिजिक्स करावं असं मी म्हणणार नाही, त्याला कदाचित अकरावी परत करणंच बरं. आणि मी सुद्धा परत अकरावी केली ती काही फुकट गेली नाही, मैत्रिणी मिळाल्या, अर्थशास्त्राचे सर फार चांगले होते. पण वर्ष परत करायला लावणं वेगळं आणि केलेलं वर्ष झालंच नाही असं लिहिणं वेगळं. कॉलेजच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर नवीन शैक्षणिक धोरणाचं कौतुक छापलंय. त्याच धोरणामागून २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला, त्यात शिकण्याचे १२०० तास म्हणजे एक वर्ष आणि त्याचे ४० क्रेडिट असा हिशेब आहे, शाळेलासुद्धा. माझ्या १२०० तासांचं काय झालं मग? शून्य आले.

आता ती नोटीस. इतिहासाच्या बाईंनी शिकवलं तसं मी तिच्याकडे बघितलं, कोणी लिहिलंय, कोणासाठी, काय सांगितलंय आणि काय टाळलंय. लिहिलंय ऑफिसनं. सांगितलंय की टीसी घ्या. टाळलंय ते हे, की मागच्या वेळी एका मुलीमुळे आम्हाला तीन अर्ज, दोन फोन आणि एका मस्टरच्या खाडाखोडीचा त्रास झाला, तो परत नको. मला वाटतं एवढंच आहे ते. कोणाचं वाईट करायचा हेतू नाही, फक्त कटकट नको. पण त्या कटकटीची किंमत ती फ्रान्सवाली मुलगी देणार. एकदा टीसी घेतली की तिची जागा गेली, आल्यावर परत ऑनलाईन प्रवेशाच्या फेऱ्या, मिळेल ते कॉलेज, तेही घरापासून कुठेतरी लांब. तिच्या बाबांचं भाजीचं दुकान आहे. ते 'जाऊ दे बाळा' म्हणायच्या तयारीत होते, मी ऐकलंय.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते.

ती नोटीस मागे घ्या. एक्स्चेंजची कागदपत्रं दाखवणाऱ्या मुलाची जागा एक वर्ष राखून ठेवा, टीसी मागू नका. जाण्याआधी एक कागद करा, त्यावर मुलाची, पालकांची आणि तुमची सही, आल्यावर काय होणार ते आधीच लिहिलेलं, परीक्षा घेणार की अकरावी परत करायची, कुठला अभ्यास तिकडे राहून करायचा, सगळं. तोंडी आशीर्वाद नकोत. परदेशी गुणपत्रकाचं भाषांतर फाईलला लावून घ्या आणि एका शिक्षकाला ते वाचायला सांगा, नुसतं वाचायला. एकाच इयत्तेची पूर्ण फी दोनदा घेऊ नका. अकरावीची परीक्षा घेता येईल का हे बोर्डाला लेखी विचारा आणि जे उत्तर येईल ते नोटीस बोर्डावर लावा, नाही म्हणाले तरी लावा, निदान खरं कारण कळेल.

आणि माझ्यापुरतं एकच. २०२३-२४ समोरचा 'गैरहजर' शेरा काढून तिथे 'शैक्षणिक विनिमय, जर्मनी' असं लिहा. मला पुढे जर्मन घेऊन बीए करायचंय, जिथे जाईन तिथे हा कागद माझ्या आधी जाणार आहे. पैसे परत मागत नाही, बाबा नको म्हणालेत.

फ्लेक्सवरचा फोटो मात्र ठेवायचा असेल तर ठेवा, पण दुसरा देते, फ्लेक्सवरच्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

त्या मुलीला एक्स्चेंजच्या फॉर्मवर या महिनाअखेरपर्यंत सही करायचीय. मी सोमवारी अकरा वाजता एलसीचा अर्ज घेऊन ऑफिसात येतेय, ती आणि तिचे बाबा पण असतील. तुम्ही दहा मिनिटं दिलीत तर त्सॉयग्निसची फाईल सोबत आणते. भाषांतर वरच लावलंय.

आपली विद्यार्थिनी,
अकरावी कला (दोनदा), बारावी कला